बोट नाही लागली, बिल लागलं

आमच्या आणि वहिनींच्या अंगणामधली भिंत छातीएवढी आहे. त्यांच्या बाजूने कढीपत्ता, आमच्या बाजूने जास्वंद. भिंतीवर एका ठिकाणी सिमेंट उडून वीट उघडी पडली आहे आणि तिथे कोपर बरोबर बसतं. गेल्या बावीस वर्षांत ती वीट दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झाली. आचोळ्याच्या तळ्याच्या अंगाला आता चारी बाजूंनी इमारती उठल्या, पण आमची ही चार बैठी घरं आणि मधली भिंत अजून टिकून आहेत. बिल्डर येऊन बघून जातात. त्यांना जागा दिसते, आम्हाला वीट दिसते.

तर गेल्या गुरुवारी संध्याकाळी पाणी भरून झाल्यावर मी विटेवर कोपर टेकलं. वहिनी सिंगापूरहून येऊन चार दिवस झाले होते आणि सफरीबद्दल अजून काही बोलल्या नव्हत्या. हे आमच्या भिंतीच्या इतिहासात प्रथमच घडत होतं.

"बोट लागली का हो वहिनी?" मी विचारलं. जहाजावरून आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न हाच.

"बोट नाही लागली," वहिनी कढीपत्त्याची काडी मोडत म्हणाल्या, "बिल लागलं."

झालं. बांध फुटला.

वहिनी-भाऊजींच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलाने आईवडिलांना टूर भेट दिली होती. सिंगापूर, आणि तिथून तीन रात्रींची मोठ्या जहाजावरची सफर, पेनांगला जाऊन परत. टूरवाल्यांच्या रंगीत कागदावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, जहाजावर राहणं, जेवणखाण, करमणूक, सगळं इनक्लुडेड. हा 'इनक्लुडेड' शब्द वहिनींनी त्या संध्याकाळी किती वेळा उच्चारला ते मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा थोडा जास्त चावून बाहेर आला.

"जेवण होतं हो. खोटं कशाला बोलू? चौदाव्या मजल्यावर लांबच लांब टेबलं. इडली, पराठे, नूडल्स, जैन लोकांचं वेगळं. आणि गोडाचं तर एक अख्खं टेबल. लाल, हिरवे, पिवळे चौकोनी तुकडे. खाऊन बघितला एक. पांढरा खाल्ला काय नि लाल खाल्ला काय, चव तीच. आपल्या शाळेतल्या खडूंसारखी." हे 'शाळेतल्या' माझ्या घरच्यांना उद्देशून होतं. आमचे हे इतिहासाचे निवृत्त मास्तर. आतून 'हं' असा आवाज आला, म्हणजे कान भिंतीकडेच होते.

"आणि कॉफी?"

"मशिनची. बटण दाबलं की आधी हवा येते, मग पाणी, मग रंग. आपल्याकडे नळाला पाणी सुटतं ना, अगदी तस्सं."

मग दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जहाज बघायला खाली उतरले. पाचव्या मजल्यावर दुकानांची गल्ली, आणि त्या गल्लीच्या वळणावर वास आला. खऱ्या कॉफीचा. भाऊजींचे पाय थबकले. काउंटरमागे एक हसरी मुलगी, बहुतेक फिलिपिन्सची. तिने गुड मॉर्निंग म्हणून भाऊजींना नावाने हाक मारली. नाव कसं कळलं हे भाऊजींना उमगेना, ते हातातल्या कार्डावर छापलेलं होतं. तिने कपात आधी काळी कॉफी ओतली, मग दुधाचं भांडं कपाच्या काठाला टेकवून मनगट असं काही हलवलं की वर आपोआप पिंपळाचं पान उमटलं. पानाला शिरासुद्धा. वहिनी म्हणतात, "मला तर ते पान मोडायला जीव होईना. ह्यांनी एका घोटात देठासकट संपवलं." कॉफी कडू होती. साखरेच्या पुड्या मात्र वाटीत भरून ठेवलेल्या होत्या, हव्या तितक्या घ्या. "साखर तेवढी इनक्लुडेड," वहिनी म्हणाल्या.

पैसे कुणी मागितले नाहीत. इथेच गंमत आहे. जहाजावर रोख पैसा चालत नाही. खोलीचं दार उघडायचं कार्ड असतं, तेच पाकीट. ते एका डबीला टेकवायचं, टुक् असा आवाज येतो, आणि मुलगी थँक यू म्हणते. किती झाले, सुटे आहेत का, राहू दे उद्या द्या, यातलं काही नाही. वहिनींचं म्हणणं, शंभराची नोट हातातून सुटताना माणसाला एक कळ येते, ती कळ त्या कार्डाने येतच नाही. हे मला पटलं. माझी आई भाजीवालीला पैसे द्यायच्या आधी नोट दोनदा उलटून बघायची. नोट खोटी आहे का ते नव्हे, ती खरंच द्यायलाच हवी का, ते.

कळ आली शेवटच्या पहाटे. दाराखालून एक कागद आत सरकला. एकूण त्रेचाळीस डॉलर सात सेंट.

"रुपये सांगा," मी म्हटलं.

"सूनबाईने शहाऐंशीच्या भावाने करून दिले. तीन हजार सातशे चार."

कागद त्यांनी आणलाच होता, साडीच्या निऱ्यांत खोचून. भिंतीवर पसरला. कॉफी पाच डॉलर, त्यावर अठरा टक्के सेवाशुल्क, म्हणजे पाच नव्वद. अशा चार. आइस्क्रीमचा एक पेला, साडेचार डॉलर आणि वर एक्याऐंशी सेंट. चॉकलेट केकचा तुकडा चार डॉलर, वर बहात्तर सेंट. एक कॉफी आपल्या पैशांत पाचशे सात रुपयांना पडली.

"पाचशे सात!" वहिनींनी आकडा पुन्हा उच्चारला. "आचोळे रोडला अण्णाकडे वीस रुपयांत फिल्टर कॉफी मिळते, आणि तो वाटी-पेला सुद्धा देतो उंचावरून ओतायला."

आता मला मनातून वहिनींची बाजू घ्यायची होती, पण एक गोष्ट आठवली आणि जीभ आवरली नाही. मागे आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही चौघं बोरिवलीला थाळी खायला गेलो होतो. बाहेर पाटी, अनलिमिटेड. आत बसल्यावर वाढपी म्हणाला, श्रीखंड एकच वाटी, आणि आमरस वेगळा. तेव्हा भाऊजींनी आमरसाच्या तीन वाट्या मागवल्या होत्या आणि बिल बघून वाढप्याशी वाद घातला होता. "अनलिमिटेडला लिमिट कसं?" हा त्यांचा प्रश्न मला अजून तर्कशुद्ध वाटतो. पण म्हणजे जहाजवाल्यांनी नवं काही शोधलेलं नाही. पोळी-भाजी पोटासाठी, ती हवी तितकी वाढा. गोड आलं की मीटर सुरू.

आणि आपल्याला टोचतं ते नेमकं इथेच, असं माझं मत आहे. भात संपला म्हणून जास्तीचे पैसे घेतले असते तर वहिनी चार दिवसांत विसरल्या असत्या. पण आपल्या पंगतीत आग्रह होतो तो गोडाचाच. जिलबी पानात पडते ती 'नको नको' म्हणणाऱ्याच्या हाताच्या फटीतून. वरणभाताचा आग्रह कुणी केलेला मी पाहिला नाही. ज्या पदार्थावर यजमानाची पत ठरते, नेमक्या त्याच पदार्थाचं बिल लावायचं, म्हणजे जेवायला बोलावून विडा विकत देण्यातला प्रकार.

एवढ्यात फाटकाशी शेजारच्या आंटी आल्या. आंटी माहेरच्या पापडीच्या. घरी जाऊन आल्या की आमच्यासाठी केळीच्या सोपट्यात बांधलेली सुकेळी आणतात. बरोबर त्यांचा थोरला होता, आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून सुट्टीवर आलेला. आमच्या वसईच्या बाजूला घरटी नाही तरी गल्लीगणिक एक मुलगा जहाजावर असतो. हा बारावीनंतर कोर्स करून, सीडीसी म्हणजे खलाशी-पुस्तक काढून गेला, आधी मुदपाकखान्यात भांडी घासली, मग बुफेवर, आणि आता कुठे कॉफीच्या काउंटरवर उभा राहतो. म्हणजे दुधाचं पान काढणाऱ्यांच्याच जातकुळीतला.

"काकी, तुम्ही काढलेलं तिकीट म्हणजे नुसतं विरार लोकलमध्ये चढणं," तो भिंतीला टेकून म्हणाला. "खिडकी त्यात येत नाही."

वहिनींनी त्याच्याकडे असं बघितलं की आंटीच म्हणाल्या, "नीट सांग रे."

मग त्याने नीट सांगितलं. जहाज भरून जावो की अर्धं जावो, इंधन तेवढंच जळतं, माणसं तेवढीच लागतात. रिकामी गेलेली खोली म्हणजे सुटून गेलेली गाडी, तिचं तिकीट दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. म्हणून तिकीट इतकं स्वस्त ठेवायचं की आपल्यासारखी माणसंही चढतील, आणि एकदा चढली की पाण्याच्या मधोमध दुसरं दुकान कुठे आहे? बार, कॅसिनो, स्पा, फोटो, बंदरावरच्या सहली, इंटरनेट. अमेरिकेच्या रॉयल कॅरिबियनच्या 2023 च्या हिशेबात शंभरातले तीसेक डॉलर असे आतल्या आणि इतर विक्रीतून आले, तिकिटातून बाकीचे. "तुमची कॉफी-केक म्हणजे त्यातली चिल्लर, काकी. आमच्यासारख्यांना वाटतं, कॉफी ठेवलीय ती सवय लावायला. एकदा पाच डॉलरला कार्ड टेकवलं, की पन्नासला टेकवताना हात थांबत नाही."

हे तो अगदी सहज बोलला, सुकेळ्याचा लचका तोडत. मला त्याचं जरा वाईट वाटलं. आंटींना अभिमान वाटला.

त्याने आणखी काय काय सांगितलं. जहाजावर स्टारबक्सचं दुकान पहिल्यांदा थाटलं ते 2010 मध्ये, रॉयल कॅरिबियनच्या 'अल्युअर ऑफ द सीज' नावाच्या जहाजावर. त्याच कंपनीने 2017 पासून खोलीत जेवण मागवायचे पैसे लावले. त्याआधी दिवसा फुकट मिळायचं. सकाळचा पाव-कॉफीचा नाश्ता तेवढा सुटला. आणि अमेरिकन जहाजांवर पेय घेतलं की अठरा ते वीस टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं, तुम्ही टीप द्या की देऊ नका.

"पण सगळीच जहाजं तशी नाहीत हं," तो म्हणाला. "कार्निव्हलवर एक गरम चॉकलेटचा केक मिळतो, चमचा लावला की आतून रस वाहतो. तो फुकट. लोक त्याच्यासाठी त्या जहाजावर परत येतात."

"मग आम्हाला त्या जहाजावर का नाही नेलं?" वहिनींचा प्रश्न टूरवाल्यांना होता, पण उत्तर द्यायला तिथे कोणीच नव्हतं.

मागच्या घरातल्या मालवणी मावशी एव्हाना काठी टेकत येऊन पायरीवर बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. ऐकू कमी येतं, पण रुपयांचा आकडा बरोबर ऐकू येतो.

"काय ता? कॉफयेक पाचशे?" त्यांनी काठी आपटली. "गो बाय, पाचशे रुपयांत आमच्या घराचे सगळे वासे बदलून झाले असते!"

मावशींचं माहेर खारेपाटण. लहानपणी त्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायच्या. कोकणची बोट म्हणजे काय हे आमच्या पिढीने ऐकलेलं आणि पुढच्या पिढीने न ऐकलेलं प्रकरण. खालचा डेक, वरचा डेक. आधी चढेल त्याची वळकटी आधी पसरेल. विजयदुर्गाला बोट बाहेर उभी राहायची, तिथून पडावात उतरायचं, लाट वर आली की उडी. मूल आधी फेकायचं, मग पेटी, मग स्वतः. आणि पुढे खाडीने खारेपाटण. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नंतरच्या बोटींची नावं मावशींना आपल्या नातवंडांच्या नावांपेक्षा जास्त चटकन आठवतात. ऐंशीचं दशक संपता संपता ती सेवा बंद पडली.

"मग मावशी, बोटीवर खायला काय मिळायचं?"

"आवशीन दिलेली भाकरी नि सुक्या बांगड्याची चटणी. चार आणे कमरेक, ते पण आजयेन मोजून घेतलेले. आणि बोट लागली काय सगळे ओकतत. खाल्लेला पोटात रवला तर मगे गोडाची गोष्ट!"

यावर आंटीचा थोरला इतका हसला की सुकेळं घशात अडकलं.

मी म्हटलं, आता तर मुंबईहूनच पुन्हा जहाजं सुटतात की. 2018 ला 'आंग्रिया' सुरू झाली गोव्याला जायला. 2019 ला 'कर्णिका' आली. करोनात कंपनी बसली आणि ते जहाज अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेलं. 2021 पासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' आहे. मावशींना हे सगळं समजावून सांगितल्यावर त्यांचा एकच प्रश्न, "विजेदुर्गाक थांबता?" नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला.

आता आमच्या ह्यांना राहवेना. चष्मा कपाळावर चढवून ते बाहेर आले. समोर बंदर, जहाज आणि खारेपाटण हे तीन शब्द पडले की मास्तर आत बसून राहणं शक्य नाही.

"खारेपाटणला एक ताम्रपट सापडलाय," ते म्हणाले.

"सर, केकचं चाललंय," वहिनी म्हणाल्या.

"केकचंच सांगतोय. शिलाहार राजा अनंतदेव, शके 1016, म्हणजे इसवी सन 1094. त्याने दोघा व्यापारी भावांना, त्यातला एक त्याचाच प्रधान, चार बंदरांवरची जकात माफ करून दिली. ठाणं, नागोठणं, चौल, आणि चौथं कुठलं? शूर्पारक! म्हणजे आपलं सोपारा. इथून रिक्षाने गेलात तर बुरुड राजाच्या कोटापर्यंत पंधरा मिनिटं. नऊशे वर्षांपूर्वी आपल्या बंदरावर जहाजाचे जास्तीचे पैसे माफ होत होते, फक्त वशिला हवा."

"आमचा वशिला टूर मॅनेजरपर्यंत," वहिनी म्हणाल्या. "त्याला विचारलं तर म्हणाला, आंटी, बुकलेटच्या सतराव्या पानावर लिहिलंय. मी म्हटलं, तुमच्या चेहऱ्यावर लिहायला काय झालं होतं?"

ह्यांनी मग कायदा काढला. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला हॉटेलांना बजावलं की बिलात सेवाशुल्क आपोआप लावायचं नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही प्राधिकरणाचीच बाजू धरली. वहिनींचे डोळे चमकले. म्हणजे ते अठरा टक्के परत? तर नाही. तो कायदा आपल्या हॉटेलांपुरता. मलाक्काच्या सामुद्रधुनीत तो कुठून पोहोचणार? वहिनींचे डोळे पुन्हा विझले. मला ह्यांचा रागच आला. जो दिवा लगेच विझवायचा, तो लावायचाच कशाला?

पण खरी गोष्ट याच्यापुढे आहे.

बिल भिंतीवर पडलेलं होतंच. वहिनी बोट ठेवून पुन्हा वाचायला लागल्या. कॉफी चार, बरोबर. दोन दिवस, दोघांची एकेक. आइस्क्रीम एक, दोघांत. केक...

"हे बघ, हे बघ! हे चुकलंय त्यांचं." त्यांचा आवाज वर गेला. "केक आम्ही एकच घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी, दोघांत. त्यातला मोठा भाग मी स्वतः खाल्ला, ह्यांची साखर आहे म्हणून. आणि इथे तीन लावलेत! म्हणजे दोन केकचे पैसे खोटे घेतलेत मेल्यांनी!"

पाहा, आता हे प्रकरण वेगळं झालं. महाग असणं वेगळं आणि लुबाडणं वेगळं. मावशींनी काठी सरसावली. ह्यांनी ईमेल लिहायची तयारी दाखवली. तक्रारीचा मसुदा हा त्यांचा आवडता वाङ्मयप्रकार आहे. वहिनी म्हणाल्या, आजच्या आज मुलाला सांगते.

आंटीचा थोरला मात्र गप्प होता. त्याने कागद उचलला, उजेडाकडे धरला.

"काकी, हा एकत्र हिशेबाचा कागद आहे. त्यामागे अजून एक असतो. प्रत्येक वेळी कार्ड कुठे टेकवलं, किती वाजता, सगळं येतं त्यात. चूक असली तर त्यातच कळेल. तुमच्या फोनवर ॲप आहे ना जहाजाचं?"

ॲप सुनेने घातलेलं होतं. वहिनींनी फोन त्याच्या हातात दिला. त्याने दोन-चार वेळा अंगठा फिरवला, मग एकदम थांबला. त्याच्या तोंडावर जो भाव आला, तो कॉफीच्या काउंटरवर आठ महिने उभं राहून आलेला असणार; पाहुण्यांबद्दल सगळं ठाऊक असणारा आणि काहीच न बोलणारा.

"राहू दे काकी," तो म्हणाला. "बरोबर आहे बहुतेक."

"बरोबर कसं? दाखव इकडे."

फोन भिंतीवर ठेवला गेला. आम्ही चौघी त्यावर वाकलो. मावशींना दिसत नव्हतं, पण त्याही वाकल्या.

चॉकलेट केक, एक. पहिली रात्र, अकरा बेचाळीस.

चॉकलेट केक, एक. दुसरा दिवस, दुपारी चार दहा.

चॉकलेट केक, एक. दुसरी रात्र, बारा वाजून सहा मिनिटं.

मधला आमच्या वहिनींचा. बाकीचे दोन कार्ड नंबर दोनचे. कार्ड नंबर एक वहिनींच्या गळ्यात, नाडीला लटकवलेलं होतं, रात्री झोपतानासुद्धा.

कुणी काही बोलेना. तळ्याकडून कुठलातरी लाऊडस्पीकर ऐकू येत होता. मग वहिनी हळूच म्हणाल्या, स्वतःशीच, "झोप येत नाही म्हणाले. म्हणाले, डेकवर जरा वारा खाऊन येतो."

आणि मग मला आठवलं, परवाच वहिनींनी दारातून जाता जाता सांगितलं होतं, टूरवरून आल्यावर भाऊजींची उपाशीपोटीची साखर एकशे नव्वद निघाली. डॉक्टर म्हणाले पथ्य सांभाळा. वहिनी म्हणाल्या होत्या, पथ्य तर मी सावलीसारखं सांभाळलं, हवापाण्याचा फरक असेल.

आंटीचा थोरला अपराध्यासारखा पाय चोळत होता. मला त्याला सांगावंसं वाटलं, बाबा, तुझी काही चूक नाही. बुफेतला फुकटचा केक खाल्ला असता तर भाऊजी जगाच्या अंतापर्यंत सुरक्षित होते. लाल, हिरवे, पिवळे, दहा तुकडे चेपले असते तरी कुठल्याच कागदावर उमटले नसते. चार डॉलरनी घात केला. त्यातही आमच्या ह्यांना एक ऐतिहासिक बाजू दिसली असावी, कारण ते तोंड उघडणार होते. मी त्यांचा सदरा मागून ओढला.

मावशींना कुणीतरी कानात सांगितलं. त्यांनी सगळं समजून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "मगे तो केक बरो होतो म्हणायचो."

वहिनींनी कागदाची घडी घातली. एकदा, दोनदा, चार पदरी. पुन्हा निऱ्यांत खोचली. जी बाई दोन तास डॉलर-सेंटचा हिशेब मांडत होती, तिने तो विषयच सोडून दिला. पाचशे सातच्या कॉफीबद्दल त्या रात्री आणि त्यानंतर आजपर्यंत एक अक्षर नाही. मुलाला फोन नाही, टूरवाल्यांना मेल नाही. माझा अंदाज आहे की त्या कागदाची किंमत आता तीन हजार सातशे चारपेक्षा पुष्कळ वर गेली आहे, आणि वहिनी तो पुढच्या चाळीस वर्षांसाठी जपून ठेवणार आहेत.

इतक्यात आतून भाऊजींची हाक आली. त्यांना बिचाऱ्यांना भिंतीवर काय उघड झालंय याचा पत्ता नव्हता.

"अगं, चहाचं काय झालं?"

"ठेवलाय," वहिनी भिंतीवरून कोपर काढत म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. "बिनसाखरेचा. आणि तुमचं ते नंबर दोनचं कार्ड कुठे ठेवलंय हो?"